पुणे विद्यापीठात नोकरी: सेट आहे, नेट नाही. प्रकल्प, तासिका की कायम जागा?

साळुंकी

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. ६८ टक्के, एम.एस्सी. सेंद्रिय रसायन ६१ टक्के, सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) पास, नेट (तशीच देशपातळीवरची) नाही. वय २५, खुला प्रवर्ग. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात काम शोधतेय. जाहिराती पुष्कळ दिसतात, पण एकीत 'प्रोजेक्ट असोसिएट', दुसरीत 'जेआरएफ', तिसरीत 'तासिका तत्त्वावर', चौथीत '११ महिन्यांसाठी, निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात'. यातलं कुठलं काय, याचा नीट उलगडा होत नाही.

प्रकल्पातल्या नोकरीला सेट चालते का, आणि हातात किती पडतात? प्रकल्पात लागलं की तिथूनच पीएच.डी. होते म्हणतात, ते कितपत खरं? कायम सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी माझे गुण साधारण किती भरतील? आणि शेवटचं, प्रयोगशाळा सहायकासारख्या शिक्षकेतर जागेला एम.एस्सी. झालेलीनं अर्ज करावा की तो वेळ अभ्यासाला द्यावा?

बिंदुनामावली

पदाचं नाव थोडं बाजूला ठेवा. पगार कुणाच्या पैशातून निघतो, ते आधी शोधा. बाकी सगळं त्यावरून उलगडतं.

राज्य शासनाच्या मंजूर पदावरची नेमणूक ती कायम नोकरी. शिक्षक असोत वा शिक्षकेतर, सातवा वेतन आयोग, महागाई भत्ता आणि एनपीएस (निवृत्तिवेतन योजना) इथेच. या जागा भरायला शासनाची मान्यता लागते आणि बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची, याचा तक्ता) विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणावी लागते. त्यामुळे विभागात खुर्ची रिकामी दिसली म्हणून जाहिरात निघेलच असं नसतं. निघाली तरी ती निवड समितीपर्यंत पोचायला वर्ष लागू शकतं आणि मध्येच आरक्षणाचा नियम बदलला तर शुद्धिपत्रक निघून घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून भरलेल्या जागा म्हणजे '११ महिने, एकत्रित मानधन' प्रकार. सहायक प्राध्यापकही असे घेतात. काम पूर्णवेळ शिक्षकाचंच, पण वेतनश्रेणी नाही, वेतनवाढ नाही, आणि मुदत संपली की पुन्हा मुलाखत. तासिका तत्त्व याच्याही खाली: घेतलेल्या तासांचे पैसे, तेही महिन्याचं बिल विभागाकडून वित्त विभागात जाऊन मंजूर झाल्यावर. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हाती काही नाही. या मुलाखती सत्र सुरू होण्याच्या आसपास, जून-जुलैत होतात. सूचना आणि मुलाखत यांत कधी कधी आठवडाभराचंच अंतर असतं.

तिसरा पैसा प्रकल्पाचा: संशोधनाला पैसे देणारे केंद्राचे विभाग आणि संस्था, म्हणजे डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), डीबीटी, सीएसआयआर, एएनआरएफ (पूर्वीचं एसईआरबी), किंवा एखादी कंपनी. इथे विद्यापीठ फक्त खातं सांभाळतं. नेमणूक प्रकल्प संपेपर्यंत, आणि विद्यापीठाच्या सेवेवर कसलाही हक्क नाही हे आदेशातच छापलेलं असतं.

चौथा पैसा बाह्य संस्थेमार्फत: डेटा एन्ट्री, मदतनीस, सुरक्षा. आदेशावर शिक्का एजन्सीचा असेल तर तुम्ही एजन्सीचे नोकर. अशा ठिकाणी यूएएन (पीएफ खात्याचा) क्रमांक मागून घ्यायचा आणि पीएफ खरंच जमा होतोय का ते दर महिन्याला पाहायचं.

एक नेहमीचा घोळ. आयुका, एनसीआरए, एनसीसीएस आणि सीडॅक या संस्था विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या आवारात असल्या तरी विद्यापीठाच्या नाहीत. त्यांच्या जाहिराती, नियम आणि वेतन सगळं स्वतंत्र. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या शोधत बसू नका. रसायनवाल्यांनी पाषाणच्या एनसीएल आणि आयसरच्या पानांवरही आठवड्यातून एकदा नजर टाकावी.

प्रयोगवही

प्रकल्पाचं मी सांगतो.

सेटबद्दल आधी, कारण इथे बरेच जण फसतात. केंद्राच्या पैशाच्या प्रकल्पांना डीएसटीचे मनुष्यबळाचे दर लागतात. त्यांच्या २०२० च्या आदेशात प्रोजेक्ट असोसिएट-१ ला दोन दर होते: नेट (सहायक प्राध्यापक पात्रता धरून) किंवा गेट (अभियांत्रिकी आणि विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा) असेल तर ३१,००० रुपये अधिक घरभाडे, नसेल तर २५,००० अधिक घरभाडे. सेट राज्यस्तरीय परीक्षा, म्हणून ती पहिल्या गटात बसत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट घेतं पुणे विद्यापीठच, आणि त्याच विद्यापीठातल्या डीएसटीच्या प्रकल्पात तिला वरचा दर नाही. गंमत आहे, पण नियम तसा आहे. त्या दरांनी तुमचा आकडा २५,०००; चालू दर जाहिरातीत पाहा.

प्रकल्पातला जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) वेगळा. १ जानेवारी २०२३ पासून दर ३७,०००, दोन वर्षांनंतर कामाचं मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनिअर फेलो) ४२,०००. त्याला नेट किंवा गेट लागतंच. नेटमध्ये फेलोशिप मिळाली नाही, नुसती सहायक प्राध्यापक पात्रता मिळाली, तरी प्रकल्पातल्या जेआरएफला ती चालते. हे न कळल्यामुळे पात्र मुलंसुद्धा अर्ज करत नाहीत. पीएच.डी.नंतरचे रिसर्च असोसिएट तीन पायऱ्यांत: ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००.

घरभाडं केंद्राच्या नियमानं. पुणे एक्स वर्गातलं, म्हणजे घरभाड्याचा टक्का सर्वांत जास्त असलेलं शहर. टक्का जाहिरातीत लिहिलेला असतो, तोच धरायचा. ३० टक्के असेल तर २५,००० चे ३२,५०० होतात आणि ३१,००० चे ४०,३००. फरक महिन्याला ७,८०० चा. वसतिगृहात खोली घेतली तर घरभाडं बंद. महागाई भत्ता कुठल्याच दरात नाही, हा आकडा दर सहा महिन्यांनी वाढेल या आशेवर राहू नका.

पगार का रखडतो, तेही समजून घ्या. पहिल्या वर्षाचा हप्ता मंजुरीबरोबर येतो. दुसऱ्या वर्षाचा येण्यासाठी ३१ मार्चपर्यंतच्या खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (सगळे यूसीच म्हणतात) जावं लागतं. त्यावर प्रमुख संशोधक, वित्त अधिकारी, कुलसचिव अशा सह्या होतात, मग कागद दिल्लीला. म्हणून एप्रिल ते जुलै-ऑगस्ट हा दुष्काळाचा काळ. पैसे बुडत नाहीत, एकदम थकबाकीसह मिळतात, पण तोवर खोलीचं भाडं थांबत नाही. तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच रुजू व्हा.

मुलाखतीत शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणतात, तेव्हा हे तीन विचारा: प्रकल्पाची अखेरची तारीख कोणती, मनुष्यबळाच्या शीर्षाखाली किती महिने मंजूर आहेत, चालू वर्षाचा हप्ता आलाय का. चांगला संशोधक या प्रश्नांनी नाराज होत नाही. नाराज झाला तर तेच उत्तर समजा.

आता पीएच.डी. प्रकल्पातली नेमणूक म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी नव्हे, दोन स्वतंत्र गोष्टी. नोंदणीसाठी नेट किंवा विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा), मुलाखत, मग संशोधन व मान्यता समिती. सेटवाल्यांना पेटमधून सूट आहे का, ते त्या वर्षीच्या पीएच.डी. प्रवेशाच्या सूचनापत्रात पाहा. दुसरी अट मार्गदर्शकाकडे जागा असण्याची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांत प्राध्यापकाला एकावेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. पीएच.डी. किमान तीन वर्षांची आणि प्रकल्पही बहुधा तीनच वर्षांचा. तुम्ही रुजू होता तेव्हा त्यातलं एक वर्ष जाहिरात आणि उपकरण खरेदीत गेलेलं असतं. १४ महिने उरलेल्या प्रकल्पात 'पीएच.डी. करून देतो' असं कुणी म्हणालं, तर पुढच्या वर्षांचा पैसा कुठून येणार हे विचारा.

साळुंकी

खूप धन्यवाद. सेटचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग आत्ता २५,००० ची जागा घ्यावी का, की नेट होईपर्यंत थांबावं? आणि जाहिरातीची वाट न बघता प्राध्यापकांना थेट मेल केला तर चालतो का?

इथेनॉल

थांबू नका. पण नेटच्या आधी गेट द्या. रसायनशास्त्राचा पेपर 'सीवाय', परीक्षा फेब्रुवारीत, गुणपत्र तीन वर्षं चालतं. सहायक प्राध्यापकाच्या जागेला त्याचा उपयोग शून्य, पण ३१,००० किंवा ३७,००० च्या गटात शिरायला ते पुरतं. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. फेब्रुवारीची परीक्षा म्हणून जानेवारीत शोधायला जाल तर दार बंद. २५,००० वर लागलेल्या मुलीनं वर्षभरात गेट काढलं तर त्याच प्रकल्पात दर आपोआप वाढत नाही. प्रकल्पात वरच्या दराचं पद मंजूर आहे का आणि पुन्हा निवड करावी लागेल का, ते प्रशासन ठरवतं. हे रुजू होतानाच विचारून ठेवा.

थेट मेल चालतो, मात्र नेमणूक मेलवर होत नाही. पैसा सरकारी असेल तर जाहिरात आणि निवड समिती लागतेच. मेलचा उपयोग इतकाच की जागा निघाली की नाव आठवतं. पाच-सहा ओळी पुरतात: पदवी आणि टक्के, कुठली परीक्षा पास, स्वतःच्या हातानं चालवलेली उपकरणं, त्यांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातली कुठली पद्धत तुम्हाला येते, कधीपासून येऊ शकता. सोबत दोन पानी बायोडेटा, एकच पीडीएफ. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' असा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला की ओळखू येतो, आणि सगळे पत्ते एकाच चौकटीत दिसत असतील तर विषयच संपला.

बायोडेटात 'एनएमआर, एचपीएलसी, जीसी-एमएस' अशी माळ लावू नका. नमुना देऊन आलेख आणला की स्वतः यंत्र चालवलं, हे वेगळं लिहा. मुलाखतीत पहिला खड्डा इथेच असतो. 'एचपीएलसीची बेसलाइन सरकतेय, काय कराल?' विचारल्यावर ज्यानं खरंच यंत्र चालवलंय तो द्रावकातली हवा काढली का, स्तंभ पुरेसा वेळ धुतला का, दिव्याचं आयुष्य किती उरलं, तापमान स्थिर आहे का, याच क्रमानं जातो. नुसता आलेख आणणारा 'सर्व्हिस इंजिनिअरला बोलावू' म्हणतो.

साधी गणितं हमखास येतात. '०.१ नॉर्मल एचसीएल २५० मिली करा.' तीव्र आम्ल सुमारे १२ नॉर्मल, म्हणजे ०.१ गुणिले २५० भागिले १२, साधारण २.१ मिली. आधी फ्लास्कमध्ये पाणी, मग आम्ल, मग खुणेपर्यंत पाणी. आकडा बरोबर आला आणि आम्ल आधी ओतलं, तर समितीतले दोघं एकमेकांकडे बघतात. पुढचा प्रश्न 'याची तीव्रता पक्की कशी कराल?' असतो. उत्तर: सोडियम कार्बोनेटशी अनुमापन, कारण तीव्र एचसीएलची बाटली उघडी राहिली की वायू उडून जातो आणि लेबलवरचा आकडा खरा राहत नाही.

एम.एस्सी.चा प्रकल्प केला असेल तर प्रयोगवही सोबत न्या. गुणपत्रिका सगळ्यांकडे असते.

प्रयोगवही

इथेनॉल यांच्या म्हणण्यात एक भर. खाजगी कंपनीच्या पैशाच्या प्रकल्पात डीएसटीचे दर बंधनकारक नसतात, तिथे सेटवाल्यांनाही जास्त मिळू शकतात. पण करारात गोपनीयतेचं कलम असतं. शोधनिबंध छापता येईल की नाही ते आधी वाचा, नाहीतर दोन वर्षं राबून बायोडेटात दाखवायला काही नाही.

गुणपत्रक

कायम जागेच्या गुणांचं उत्तर राहिलंय.

किमान पात्रता: पदव्युत्तर ५५ टक्के आणि नेट/सेट. पीएच.डी. अनिवार्य होणार होती, पण १ जुलै २०२३ पासून यूजीसीनं थेट भरतीला नेट/सेट/स्लेट हीच किमान अट ठेवली. तेव्हा अर्ज करायला तुम्ही पात्र आहात. मुलाखतीला बोलावणं येणं हा वेगळा मामला, कारण तिथे चाळणी लागते. २०१८ च्या यूजीसी नियमावलीतल्या तक्त्यांनी तुमचे गुण असे बसतात:

विद्यापीठ विभागासाठी (तक्ता ३-अ) बी.एस्सी. ६० ते ८० टक्क्यांत म्हणून १३, एम.एस्सी. त्याच पट्ट्यात म्हणून २३, सेटचे ३. बेरीज ३९. नेट काढली तर ३ च्या जागी ५, जेआरएफसह ७. दोन्ही परीक्षा असल्या तरी गुण वरच्या एकीचेच. पीएच.डी.चे ३०. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल १०. अध्यापन किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या प्रत्येक वर्षाला २, कमाल १०, आणि वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात. म्हणजे पीएच.डी. आणि पाच निबंध जमले की तुम्ही ३९ वरून ७९ वर. कागदावर अट नसली तरी पीएच.डी.शिवाय विद्यापीठ विभागाच्या यादीत वर येणं किती अवघड, ते या ३० गुणांतच दिसतं.

संलग्न महाविद्यालयासाठी तक्ता ३-ब, तिथे चित्र बरं आहे. बी.एस्सी. १९, एम.एस्सी. २३, सेट ५, एकूण ४७. पीएच.डी.चे २५ च, शोधनिबंधांचे कमाल ६. म्हणून सेटवाल्यांनी आवाराचा हट्ट धरू नये, संलग्न महाविद्यालयांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन दोन्हीकडे ५७,७०० पासूनच सुरू होतं.

हे गुण प्रामुख्यानं मुलाखतीला कुणाला बोलवायचं यासाठी. अंतिम निवडीत या गुणांचं आणि मुलाखतीचं वजन किती, ते जाहिरातीच्या वेळी लागू असलेल्या शासन निर्णयावर ठरतं, तो जाहिरातीसोबत वाचा.

तासिका तत्त्वाच्या अनुभवात सर्वांत जास्त गुण वाया जातात. प्रमाणपत्रावर नुसतं 'सन अमुक मध्ये काम केले' लिहिलेलं असतं. त्यावर रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, आठवड्याचे तास, विषय, मानधन आणि निवड कशी झाली (जाहिरात, निवड समिती) हे सगळं हवं, शिवाय महाविद्यालय संलग्न असेल तर विद्यापीठाचं मान्यता पत्र. हे सोडतानाच घ्या. चार वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात, लिपिक बदललेला असतो, जुनं हजेरीपत्रक गोदामात.

निबंधांबद्दल: यूजीसीनं केअर यादी (मान्य नियतकालिकांची) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं कळवलं. त्याचा अर्थ कुठलंही नियतकालिक चालतं असा नाही. पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आलीय. आठ दिवसांत छापून देतो आणि अमुक हजार भरा म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. छाननी समितीतला एक जण तरी तुमच्याच विषयाचा असतो, त्याला ती नावं पाठ असतात.

पणजीकर

मध्येच विचारतो. महाराष्ट्राची सेट गोवा विद्यापीठाला चालते ना? तिथे मराठी माणसाला अर्ज करता येतो का?

गुणपत्रक

चालते. ही सेट महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी असते. १ जून २००२ च्या आधीची सेट देशभर चालत होती, त्यानंतरची ज्या राज्यासाठी घेतली तिथेच. त्यामुळे साळुंकी, कर्नाटक किंवा गुजरातच्या जागांना तुमची सेट लागू नाही, तिथे नेटच हवी.

गोव्यात अडचण सेटची नसते. ताळगाव पठारावरच्या विद्यापीठाच्या जाहिरातीत १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान मागतात, मराठीचं असल्यास बरं. सवलतीचं कलम आहे का ते त्या त्या जाहिरातीत बघा. प्रकल्पातल्या तात्पुरत्या जागांना ही अट बहुधा आड येत नाही.

बिंदुनामावली

शिक्षकेतरचं उत्तर देतो आणि अर्ज कुठे बाद होतात तेही.

प्रयोगशाळा सहायकाला बहुधा विज्ञानाची पदवी मागतात. एम.एस्सी. असणं हे बाद होण्याचं कारण नाही, तसंच त्यानं जादा गुणही मिळत नाहीत; लेखी परीक्षेत सगळे सारखे. कनिष्ठ लिपिकासाठी पदवी, मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०, आणि एमएस-सीआयटी किंवा समकक्ष. वेतनस्तर एस-६, १९,९०० ते ६३,२००. महागाई भत्ता आणि घरभाडं धरलं की प्रकल्पातल्या २५,००० च्या बरोबरीला येतं किंवा पुढे जातं, शिवाय नोकरी पक्की. टंकलेखनाचं प्रमाणपत्र अर्जाच्या अंतिम तारखेआधीचं हवं, 'परीक्षा दिली आहे' चालत नाही. त्याची परीक्षा मनात आलं की देता येत नाही, म्हणून लिपिकाचा विचार असेल तर आत्ताच नाव घाला. माझं मत विचाराल तर संशोधनाची ओढ असेल तर प्रयोगशाळा सहायकात अडकू नका. तिथून शिक्षक संवर्गात बढतीनं जाता येत नाही, आणि नोकरीत असताना पीएच.डी. करायला दरवेळी परवानगी लागते.

शिक्षकांच्या आरक्षणाबद्दल एक गोष्ट अनेकांना खटकते. २०२१ च्या राज्य कायद्यानं शिक्षक संवर्गात आरक्षणाचं एकक पूर्ण संस्था धरलं आहे, एकेक विषय नव्हे. म्हणून रसायनशास्त्रात एकच जागा निघाली तर ती कुठल्या प्रवर्गाची, हे विभागात कोण कोण आहे यावरून ठरत नाही. प्राध्यापकांना भेटून 'यंदा खुली निघेल का' विचारण्यात अर्थ नाही, त्यांनाही माहीत नसतं.

आता अर्ज. ऑनलाइन भरून झाला की काम संपलं असं समजून निम्मे लोक झोपतात. शिक्षक पदांना बहुतेक वेळा छापील प्रतींचे संच वेगळे पाठवावे लागतात, आणि ते अंतिम तारखेला *पोचलेले* हवेत. त्या दिवशी टपालात टाकलेले चालत नाहीत. पाकिटावर पदाचं नाव, विषय, प्रवर्ग आणि जाहिरात क्रमांक. प्रत्यक्ष नेऊन दिलात तर आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्या. प्रत्येक पानावर क्रमांक टाका आणि गुणांच्या तक्त्यात प्रत्येक दाव्यासमोर तो पान क्रमांक लिहा. छाननी करणाऱ्यापुढे शेकडो संच असतात. पुरावा सापडला नाही तर गुण शून्य, आणि पुरावा शोधणं हे त्याचं काम नाही.

पात्रता मोजतात ती अर्जाच्या अंतिम तारखेला. नेटचा निकाल दुसऱ्या दिवशी लागला तरी उपयोग नाही. राखीव जागेवर अर्ज असेल तर जात वैधता आणि त्या तारखेला चालू असलेलं नॉन-क्रीमीलेअर. खुल्यातून ईडब्ल्यूएसचा लाभ घेणार असाल तर दाखला त्याच आर्थिक वर्षाचा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि एप्रिल-मेमध्ये सेतू केंद्रात रांगा लागतात. जाहिरात निघाल्यावर धावलात तर मिळणार नाही. अधिवास दाखला आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र नमुना-अ हे कायम पदांना लागतंच. अविवाहित असाल तरी प्रतिज्ञापत्र भरायचं असतं, रिकामं सोडू नका.

नावाचा घोळ मुलींना जास्त नडतो. गुणपत्रिका माहेरच्या नावानं, आधार सासरच्या, आणि शोधनिबंध आद्याक्षरांनी. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत संचात पहिल्या पाच पानांत लावा. शोधनिबंधासाठी ऑर्सिड (संशोधकाची ओळख पटवणारा) क्रमांक काढून ठेवला की 'ही तीच का' हा प्रश्न उरत नाही.

आणि 'आत ओळख आहे, अमुक दिले की ऑर्डर' म्हणणारा भेटलाच तर ऑर्डरवरचा जावक क्रमांक घेऊन थेट प्रशासन विभागात जाऊन विचारा. खोट्या आदेशावर क्रमांक असतो, पण जावक नोंदवहीत त्या क्रमांकावर दुसरंच पत्र निघतं.

साळुंकी

गेटसाठी नाव घालतेय, आणि दोन प्रकल्पांना अर्ज करतेय. एकाची मुदत अजून २८ महिने आहे, दुसऱ्याची ११. पहिल्यातले मार्गदर्शक सहयोगी प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे पाच विद्यार्थी आहेत असं विभागाच्या पानावर दिसतंय.

प्रयोगवही

सहापैकी पाच, म्हणजे एक जागा. ती कुणाला कबूल केली आहे का, एवढं मुलाखतीआधी फोन करून विचारा. पानावरचा आकडा जुना असू शकतो, आणि प्रबंध जमा केलेला विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत काही ठिकाणी मोजतात. ११ महिन्यांच्या प्रकल्पालाही अर्ज करा, पण तिथे पीएच.डी.चा विषय काढू नका. तिथून उपकरणं हाताखाली येतील आणि अनुभवाचं पत्र मिळेल, तेवढंच धरून चला.